आधी तेलवाला शोधा

जिनिव्हा सरोवरावर 'ला स्विस' नावाची बोट आहे. तिच्यावर चढलेले बहुतेक प्रवासी थेट वरच्या डेकवर जातात आणि आल्प्सचे फोटो काढतात. थोडे जण मात्र मधल्या डेकच्या कठड्याला टेकून खाली बघत उभे राहतात, आणि घरच्यांनी दोनदा हाक मारल्याशिवाय तिथून हलत नाहीत. मी या दुसऱ्यांतला. तिकीट मीही डोंगर बघायलाच काढलं होतं. पण खाली १९१० सालचं १४०० अश्वशक्तीचं वाफेचं इंजिन उघड्यावर चालू असताना डोंगर कोण बघतो?

माणसाच्या मांडीएवढे जाड पोलादी दांडे तेलाने चकचकीत होऊन पुढे येतात, मागे जातात, आणि मधला भलाथोरला क्रँक सावकाश फिरतो. सावकाश म्हणजे मिनिटाला चाळीस-पन्नास फेरे. उखळात मुसळ पडावं तशी लय. आवाज जवळजवळ नाहीच. एक उसासा, मग गरम तेलाचा वास. निळ्या डांगरीतला एक माणूस तेलाची झारी घेऊन त्या दांड्यांच्या मधून फिरत होता. मध्येच तो हात पुढे करायचा आणि जाणाऱ्या दांड्याच्या बेअरिंगला तळव्याने निसटता स्पर्श करून हात मागे घ्यायचा. पुढच्या फेऱ्याला पुन्हा तेच. मुलाचं अंग तापलंय का बघताना आई कपाळाला हात लावते, तसं. बेअरिंग गरम होतंय का, ते तो बघत होता.

मला एकदम 'तेलवाला' हा शब्द आठवला. विलायती कंपन्यांच्या आगबोटींवर आपल्याकडची माणसं कामाला जायची. रत्नागिरीकडच्या कितीतरी घरांतून सारंग, टंडेल, खलाशी हे शब्द हुद्दे म्हणून ऐकू यायचे. त्यांच्याच जोडीला इंजिनखोलीतले आगवाला आणि तेलवाला. आगवाल्याने भट्टीत कोळसा मारायचा, तेलवाल्याने हलणाऱ्या प्रत्येक सांध्याला तेल पाजायचं. शब्द आपल्याकडून जवळपास गेला. माणूस जिनिव्हाच्या सरोवरावर भेटला.

जुन्या, नावाजलेल्या बोटीत मूळ इंजिन ठेवावं की काढून नवं बसवावं, हा वाद जगभर चालतो, आणि तो बहुतेक वेळा लोखंडाबद्दल चालतो. मूळ लोखंड किती उरलंय, सुटे भाग मिळतात का, धूर किती, डिझेल किती खातं. हे सगळं विचारायला हवंच. पण माझं म्हणणं असं, की त्याआधीचा प्रश्न वेगळा आहे: ते इंजिन हाताने ओळखणारा माणूस तुमच्याकडे आहे का, आणि त्याच्या हाताखाली शिकणारा दुसरा आहे का? असेल तर मूळ इंजिन खुशाल ठेवा, लोक काय वाटेल ते म्हणोत. नसेल तर नवं बसवा, आणि बसवलंय असं उघड सांगा.

जिनिव्हाचंच उदाहरण पुढे नेतो, कारण एकाच कंपनीने एकाच सरोवरावर या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं दिली आहेत. 'ला स्विस', 'सावोआ', 'सिंप्लॉन', 'रोन' या बोटींमध्ये वाफेची इंजिनं आजवर टिकली. 'व्हेवे' (१९०७) आणि 'इटाली' (१९०८) यांची इंजिनं विसाव्या शतकाच्या मध्यावर काढून तिथे डिझेलवर वीज करून बाजूची, पाणी मागे ढकलणारी चाकं फिरवणारी यंत्रणा बसवली. अलीकडे या दोन्ही बोटींची मोठी डागडुजी झाली, तेव्हाही त्यांच्या पोटात डिझेल-विजेचीच यंत्रणा ठेवली. तिसरी गोष्ट 'मॉन्त्रो'ची. ही १९०४ ची बोट. हिचंही वाफेचं इंजिन असंच गेलं होतं, डिझेल आलं होतं. मग २००१ साली ती पुन्हा वाफेवर पाण्यात उतरली. पण जुनं इंजिन परत बसवलं नव्हतं. विंटरथूरच्या इंजिनिअरांनी तिच्यासाठी नवंकोरं वाफेचं इंजिन घडवलं, आणि तेही असं की कप्तानाने वरून, सुकाणूपाशी उभं राहून चालवावं. २०११ मध्ये सरोवराकाठच्या व्हो प्रांताच्या सरकारने या साऱ्या जुन्या बोटींना वारसास्मारकाचा दर्जा दिला तेव्हा कुणाच्या पोटात काय आहे यावरून भेद केला नाही. डिझेलवाल्याही त्यात आल्या.

'मॉन्त्रो'बद्दल माझं मन दुभंगलेलं आहे, ते कबूल करतो. डोक्याला पटतं. वाफेच्या बोटीला माणसं जास्त लागतात आणि पगार हा इंधनापेक्षा मोठा खर्च ठरतो. तो कमी केला म्हणून वाफ परत येऊ शकली. पण ज्या इंजिनापाशी कुणी झारी घेऊन उभं नाही, त्याच्या कठड्यापाशी मी किती वेळ टेकून राहीन, सांगता येत नाही. तरी एक गोष्ट त्यांच्या बाजूची: हे इंजिन १९०४ चं आहे असं त्यांनी कधी भासवलं नाही.

'मूळ' म्हणजे कुठलं मूळ, हा आणखी एक गुंता. इंग्लंडच्या कालव्यांवर मालवाहतूक करणारी 'प्रेसिडेंट' नावाची अरुंद बोट १९०९ साली वाफेवर निघाली. बॉयलर, कोळसा आणि इंजिन यांनी मालाची कित्येक टन जागा खाल्ली होती, आणि वर चालवायला माणसंही जास्त. म्हणून १९२५ मध्ये मालकांनी वाफेचं इंजिन काढून स्वीडनचं बोलिंडर बसवलं. हे अर्धडिझेल, सुरू करायच्या आधी त्याच्या डोक्यावरचा लोखंडी फुगा ब्लोलँपने लाल करावा लागतो. बोट पुढची कित्येक वर्षं वाफेविना राबली. मग जुन्या बोटींवर जीव असलेल्यांनी ती विकत घेऊन तिच्यात पुन्हा वाफेचं इंजिन बसवलं, आणि आता ती डडलीच्या संग्रहालयाकडे आहे. आज तिच्यात असलेलं इंजिन तिचं जन्माचं नव्हे, दुसरं. आता बोला. सोळा वर्षांची वाफ मूळ, की त्यानंतर पोट भरून देणारं बोलिंडर मूळ? मालकाने स्वतः, हयातीत, धंद्याच्या हिशेबाने केलेला बदल हाही बोटीच्या चरित्राचा भाग असतो. आपण मात्र जन्मतारखेलाच प्रमाण मानतो.

त्यातही 'मूळ इंजिन' म्हणताना आपण बॉयलर गृहीत धरतो, आणि तिथे तर मूळ फारसं कधी नसतंच. स्कॉटलंडची 'वेव्हर्ली' ही चाकाची आगबोट १९४६ साली पाण्यात उतरली. १९७४ मध्ये एका पौंडाला विकली गेली, आणि तेव्हापासून हौशी लोकांच्या संस्थेने ती चालती ठेवली. खुल्या समुद्रात प्रवासी नेणारी जगातली ही शेवटची चाकाची आगबोट. तिचं तीन सिलिंडरचं इंजिन पहिल्या दिवसाचंच आहे. एका सिलिंडरात वापरलेली वाफ दुसऱ्यात, तिथली तिसऱ्यात, असं वाफेचा शेवटचा थेंब पिळून घेणारं. पण बॉयलर? १९५७ मध्ये कोळशावरून तेलावर आले. १९८१ च्या सुमारास बदलले, २००० मध्ये पुन्हा बदलले. २०१९ मध्ये तेही थकले आणि बोट सबंध हंगाम बांधून ठेवावी लागली, तेव्हा लोकवर्गणी आणि सरकारी अनुदान मिळून तिसऱ्यांदा नवे आले. बॉयलर म्हणजे भाकरीचा तवा. जळतो, झिजतो, बदलावा लागतो. तवा बदलला म्हणून भाकरी परक्याची होत नाही.

आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. आपली देवळं शतकानुशतकं अशीच उभी आहेत. शिखर पडतं, नवं बांधतात; मंडपाचे वासे बदलतात; पंढरपूरच्या मूर्तीवरही वज्रलेप होतो. जीर्णोद्धार या शब्दात जीर्ण आहे तसा उद्धारही आहे. कुठवर बदललं तर देऊळ तेच राहतं? माझ्या मते पूजा चालू राहते तिथवर. बोटीची पूजा म्हणजे ती झारी आणि तो तळवा.

आता आमच्या खाडीवरची गोष्ट सांगतो, कारण माझं हे मत पुस्तकं वाचून झालेलं नाही.

आमच्याकडे तरीवर, म्हणजे खाडी ओलांडायच्या फेरीवर, एक लाकडी लाँच होती. पंचेचाळीसेक फुटांची, सागवानी, मधे इंजिनाची खोली. खोली कसली, गुडघे मोडून बसायचं खुराडं. त्यात विलायती दोन सिलिंडरचं इंजिन होतं. त्यावरची पितळी पाटी पुसून पुसून इतकी गुळगुळीत झाली होती, की कंपनीचं नाव बोटाने चाचपूनही कळत नसे. वजन टनाच्या वर. ड्रायव्हरकाका (लाँचीवर इंजिन बघणाऱ्यालाच ड्रायव्हर म्हणतात, सुकाणू धरणारा तो तांडेल) आधी दोन्ही सिलिंडरच्या कड्या उचलायचे, म्हणजे आतली हवा दबत नाही. मग कमरेत वाकून हँडल मारायचे. जड चाकाला वेग आला की एक कडी सोडायची, 'धप्' झालं की दुसरी. मग टुक, टुक, टुक. तो आवाज पलीकडच्या गावात ऐकू जायचा आणि पलीकडची माणसं घरातून निघायची. लाँचीला वेळापत्रक नव्हतं, आवाज होता.

तांडेल वर आणि ड्रायव्हर खाली, दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. मधे एक दोरी आणि घंटा. आमच्या लाँचीवर एक टोला म्हणजे इंजिन गिअरात घ्या किंवा सोडा, दोन टोले म्हणजे मागे. धक्क्याला लागताना ही घंटा देवळातल्यासारखी वाजायची. काका विडी ओढत बसलेले असले तरी त्यांचा एक हात कायम गरम पाण्याच्या नळीवर असे, आणि नजर बाजूच्या भोकातून बाहेर. लाँचीच्या बाजूने इंजिन थंड करून आलेल्या पाण्याची धार पडते ना, तिच्यावर. मी लहानपणी विचारलं होतं, सारखं काय बघता. म्हणाले, "धार बारीक झाली तर समज, हिला ताप येणार."

नव्वदच्या दशकात लाँचमालकाने ते इंजिन काढलं. कारण खरं होतं: भाग मिळेनात. एक वॉशर मुंबईत लेथवर करून आणायला आठ दिवस जायचे आणि तेवढे दिवस फेरी बंद. विकणाऱ्याने ट्रकच्या जातीचं, समुद्रासाठी बदललेलं इंजिन दाखवलं. तिपटीने अश्वशक्ती, वजन निम्मं, बटण दाबलं की सुरू. शिवाय सगळे खटके वरती तांडेलाच्या हाताशी. "ड्रायव्हरचा पगार वाचेल," हेही त्याने ओघात सांगितलं, आणि मला वाटतं सौदा तिथेच झाला.

पहिल्याच दिवशी लाँच विचित्र बसली. मधलं अर्धाएक टन वजन गेलं होतं. मागची बाजू वर आली आणि पंखा अर्धवट हवा घुसळू लागला. मग तळात भार म्हणून दगड टाकले. म्हणजे इंजिनाचं वजन वाचवलं आणि दगडाचं घातलं. वेग? गावात सगळ्यांना वाटलं होतं, आता पाच मिनिटांत पलीकडे. एक मिनिटही वाचलं नाही.

ते का वाचलं नाही, हे मला फार उशिरा कळलं. पाणी कापत जाणाऱ्या जड बोटीचा वेग तिच्या लांबीने ठरतो. पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, त्याला १.३४ ने गुणा. जेवढे येतील तेवढे नॉट, ही तिची हद्द. छत्तीस फुटांना आठ नॉट. त्या वेगाला बोट स्वतःच उठवलेल्या लाटेच्या खड्ड्यात बसते. त्यापुढे ढकलायचं म्हणजे ती लाट चढायची, आणि तिथे तिप्पट अश्वशक्ती नुसती फेस करते. आमच्या लाँचीला लागत होती तेवढी ताकद जुन्या इंजिनात होतीच. मिनिटाला आठशे फेरे आणि मोठा, संथ पंखा अशी ती जोडी जमलेली होती. नवं इंजिन दोन-अडीच हजार फेऱ्यांचं. त्याला योग्य उताराचा गिअर आणि बेताचा पंखा द्यायला हवा होता. दिला नाही, कारण त्याचे पैसे वेगळे पडत होते. मग थरथर. दुसऱ्या पावसाळ्यात मागच्या फळ्यांचे सांधे सुटायला लागले. सांध्यांत कापूस भरायला माणूस वर्षातून एकदा यायचा, तो तीनदा येऊ लागला.

तरीही मी म्हणेन की खरी चूक इंजिन बदलण्याची नव्हती. काकांना घरी बसवण्याची होती. एका संध्याकाळी ओहोटीला प्लॅस्टिकची पिशवी पाणी ओढणाऱ्या तोंडावर बसली. धार बारीक झाली असणार, मग बंद झाली असणार. बघायला खाली कोणी नव्हतं. वर तापमानाचा लाल दिवा होता, तो कधीच उडालेला होता. खाडीच्या मध्यावर इंजिन जॅम झालं, लाँच ओहोटीबरोबर वाहत जाऊन वाळूच्या दांड्यावर बसली. माणसं भरतीची वाट बघत रात्री अकरापर्यंत तिथे. कुणाला काही झालं नाही. एका वऱ्हाडाचं जेवण मात्र हुकलं, आणि ते गाव अजून विसरलेलं नाही.

हेच आजच्या इंजिनांना आणखी लागू आहे. आता त्यांच्यात संगणक असतो. तो शेकडो गोष्टी बघतो, काकांपेक्षा जास्तच बघतो. पण खाऱ्या हवेने एखादी वायर हिरवी पडली की तोच संगणक इंजिन अडवून बसतो, आणि मग लॅपटॉप घेऊन येणारा माणूस शहरातून यायची वाट बघायची. फरक इतकाच, की जुन्या इंजिनाला माणूस रोज लागायचा, नव्याला अवचित लागतो. लागतो तो दोघांनाही.

जुन्या इंजिनांच्या बाजूने बोलतोय म्हणून मला धुराचा लळा आहे असं कुणी समजू नये. रोज शेकडो माणसं नेणारी, शाळेच्या पोरांची, बाजाराची बोट ही कामाची वस्तू आहे. तिथे आठवणींना जागा नाही. केरळात वैकमहून तवणक्कडवूला जाणारी 'आदित्य' ही सौरऊर्जेवरची प्रवासी बोट जानेवारी २०१७ पासून चालते. ७५ माणसं, वीस-वीस किलोवॅटच्या दोन मोटारी, म्हणजे सगळी मिळून पन्नासेक अश्वशक्ती. तेवढ्यात पंचाहत्तर माणसं जातात. वर सांगितलेलं लांबीचं गणित तिथे बरोबर पाळलंय. धूर नाही, थरथर नाही. आमच्या तरीवर उद्या अशी बोट आली तर मी पहिला हार घालीन.

दुसऱ्या टोकाला न्यूझीलंडची 'अर्न्सलॉ'. १९१२ ची, क्वीन्सटाउनच्या सरोवरावरची. तासाला टनभर कोळसा जाळते आणि प्रवासी पुलावरून खाली वाकून भट्टीत फावड्याने कोळसा मारणारे आगवाले बघतात. टनभर कोळसा हा थट्टेचा विषय नाही, आणि तिचं इंधन बदला अशी मागणी कुणी केली तर ती मला रास्त वाटते. इंधन बदललं तरी इंजिन तेच राहू शकतं. 'वेव्हर्ली'ने तेच केलं. पण एक बोट आणि शंभर बोटी यांत फरक करायला हवा. शंभर बोटींचा धूर हा धोरणाचा विषय. एका बोटीचा धूर ही किंमत आहे, आणि ती कशाची किंमत आहे ते बघून मोजायची. भट्टीपुढे माणूस कसा उभा राहायचा, हे अजून प्रत्यक्ष दाखवू शकणाऱ्या जागा जगात बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत.

मला खरा तिटकारा आहे तो सोंगाचा. पोटात नवं इंजिन, वर रिकामं धुराडं, आणि ध्वनिफितीतून 'झुक झुक'. आपल्याकडे रेल्वेने ऑक्टोबर २०२३ मध्ये एकता नगरहून अहमदाबादला जी वारसा गाडी सुरू केली, तिचं इंजिन विजेचं, पण चेहरा वाफेच्या इंजिनाचा. गाडी देखणी आहे, पोरांना आवडते, मान्य. पण ज्याने कधी वाफेचं इंजिन पाहिलं नाही त्याला आपण काय दाखवलं? इंजिनाचा मुखवटा. बोटींच्या बाबतीत हा मोह जास्त, कारण इंजिन डेकखाली झाकलेलं असतं आणि प्रवासी विचारत नाही. झाकायचंच असेल तर निदान खोटं बोलू नये.

नावांचं मात्र मी माफ करतो. इंग्लंडच्या अल्सवॉटर सरोवरावर १८७७ ची 'लेडी ऑफ द लेक' अजून चालते. तिच्यात १९३० च्या दशकातच डिझेल आलं, पण तिथल्या बोटींना आजही 'स्टीमर'च म्हणतात. आपण तरी काय करत होतो? डिझेलवर चालणाऱ्या कोकण बोटीला आपल्या आज्या आगबोटच म्हणायच्या. आणि आपल्या देशांतर्गत जलवाहतुकीचा १९१७ चा कायदा मुळात 'स्टीम व्हेसल्स'चा म्हणून आला होता. नावातली वाफ पुढे गेली, कायदा थेट २०२१ चा नवा कायदा येईपर्यंत राबला. जिभेला सवय लागते. सवयीत फसवणूक नसते.

आगबोटीचं नाव निघालंच आहे तर विचारतो: भाऊच्या धक्क्यावरून रत्नागिरी, मालवण, पणजीपर्यंत जी बोटसेवा पिढ्यान् पिढ्या चालली, जिच्यावर अर्ध्या कोकणाने मुंबई गाठली, तिच्यातली एक तरी बोट आपण ठेवली का? बोट जाऊ द्या, एखादं इंजिन? मला तरी कुठे पाहायला मिळालेलं नाही. पहिली 'विक्रांत' मुंबईत काही वर्षं संग्रहालय म्हणून उभी होती. २०१४ मध्ये ती मोडीत निघाली आणि तिचं थोडं लोखंड वितळवून मोटारसायकलीच्या टाकीत घातलं. लोकांनी ती अभिमानाने विकत घेतली. मूळ लोखंड जपण्याचा हाही एक प्रकार म्हणायचा! नव्या जुन्या इंजिनांचा वाद घालायला मुळात बोट असावी लागते.

उलट गोव्याकडे एक गंमत झाली. अजिंठ्याच्या चित्रातलं जहाज बघून पाचव्या शतकातल्या पद्धतीने, फळ्या दोरीने शिवून, एक जहाज तिथे बांधलं. 'कौंडिण्य' नावाने ते मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झालं. त्यात इंजिनच नाही, शीडच आहे. काही लोकांना तो हट्ट वाटला. मला त्यातला शिवणारा हात महत्त्वाचा वाटतो. जहाज शिवायची विद्या काही मोजक्या माणसांच्या बोटांत होती, या निमित्ताने ती आणखी काही बोटांत गेली. जंजिऱ्याला राजपुरीहून जाणाऱ्या शिडाच्या होड्याही मला याच कारणासाठी आवडतात. तिथे कुणी वारसा वगैरे शब्द काढत नाही, माणसं शीड ओढतात आणि किल्ल्याला नेऊन सोडतात.

मुंबईच्या बंदरात भाऊच्या धक्क्यावरून मोरा आणि रेवसला, गेटवेहून घारापुरीला ज्या लाकडी लाँची जातात, त्यांचे दिवस आता मोजलेले आहेत असं मी धरून चालतो. विजेच्या येतील, फायबरच्या येतील. यायलाच हव्यात, जॅकेटं, आसनांची मोजणी, तपासणी याबाबत कुठलीही सवलत जुनेपणाच्या नावावर मागू नये. माझी मागणी एवढीच आहे, की त्यातली एक लाँच निवडावी. सगळ्यांत देखणी नको. जिचा ड्रायव्हर अजून कामावर आहे आणि शिकवायला तयार आहे, ती. तिचं इंजिन तसंच ठेवावं, घंटा आणि दोरीसकट. पंप नवा लागला तर नवा घालावा, विझवायची यंत्रणा आजची घालावी, तळाच्या फळ्या बदलाव्यात. इंजिनखोलीवरची झडप काढून जाड काच बसवावी, म्हणजे लोकांना वाकून बघता येईल. आणि किनाऱ्यावरच्या एखाद्या आयटीआयची दोन पोरं दरवर्षी त्या ड्रायव्हरच्या हाताखाली द्यावीत, पगारावर. पगारावर हे मुद्दाम म्हणतोय. आपल्याकडे वारसा म्हटलं की दगडाला निधी मिळतो, माणसाला शाल मिळते.

खर्च कोण करणार, हे विचारणारा माणूस नेहमी शहाणा दिसतो, म्हणून त्यालाही उत्तर देतो. एका लाँचीच्या ड्रायव्हरचा आणि दोन शिकाऊ पोरांचा वर्षाचा पगार हा कुठल्याही सुशोभीकरणातल्या एका कारंज्याहून कमी असेल. आणि माणूस मिळेनासा झाला तर? तर त्या दिवशी इंजिन काढा, मोटार बसवा, इंजिन धक्क्यावर छपराखाली ठेवा आणि वर खरी पाटी लावा: कधी बसवलं, कधी काढलं, का काढलं. त्यात लाज नाही. मात्र काढताना त्याचे बेड, शाफ्टची रेघ, घंटेची दोरी कुठून जायची, हे मोजून लिहून ठेवा, म्हणजे पुढे कुणाला परत बसवावंसं वाटलं तर अंदाजाने लाकूड कापावं लागणार नाही. मुळात चार मापं वहीत लिहिण्याचं काम.

आमच्या लाँचीचं कुणी मोजलं नव्हतं. जुनं इंजिन मालक भंगारात घालणार होता. काकांचा काही महिन्यांचा पगार बाकी होता, त्याच्या बदल्यात त्यांनी ते मागून घेतलं. बैलगाडीतून आणून परसात माडाखाली ठेवलं, वर पत्रा टाकला. त्यानंतर कित्येक वर्षं, दर अमावास्येला, ते कड्या उचलून हँडलने त्याला पाचसहा फेरे द्यायचे आणि तेल सोडायचे. सुरू करायला नव्हे, आतलं काही धरून बसू नये म्हणून. ते गेल्यावर एक पावसाळा कुणी फिरवलं नाही, आणि ते अडकलं.

मागच्या वर्षी गेलो तेव्हा त्यांच्या नातवाने मला ते दाखवलं. पत्रा उडालेला, सिलिंडरच्या खाचेत पावसाचं पाणी. मी हँडल कुठे आहे विचारलं. तो आत गेला आणि मागच्या पडवीच्या दारातून ते उचलून आणलं. जड, पकडीपाशी झिजून चकचकीत झालेलं. खाडीवरचा वारा सुटला की ते दार आपटतं, म्हणून त्याला अडण म्हणून लावलं होतं. मी ते हातात धरून पाहिलं आणि त्याला परत दिलं. मागच्या दाराचा तोवर दोनदा आवाज झाला होता.